शाळेची बाग: लावणी आणि राखण

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. पन्नास वर्षांत या धर्मग्रामानें काय मिळविलें याचें वर्णन आमच्या आधींच्या वक्त्यांनीं केलेंच आहे, आणि तें त्यांनीं आमच्याहून पुष्कळ चांगलें केलें आहे. सबब आम्ही त्या वाटेस जात नाहीं. आम्ही आज आपणांपुढें एक मागणें घेऊन उभे आहों. मागणें लहान आहे: शाळेच्या मागील दोन गुंठे जमीन, आणि तीन वर्षांचें पाणी.

महोत्सव-निधींतील शिल्लक रकमेचा विनियोग कसा करावा हा प्रश्न समितीपुढें आहे, हें आपणांस ठाऊक आहे. शाळेच्या मागील मोकळ्या जागेवर सिमेंटचे ठोकळे बसवावे, मध्यें विकतच्या गवताची हिरवळ करावी आणि कडेनें शोभेचे पाम लावावे, अशी एक सूचना आली आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतु शुद्ध आहे. पावसाळ्यांत त्या जागेंत चिखल होतो, मुलांचे गणवेश मळतात आणि ते आयांना धुवावे लागतात. ही तक्रार खोटी नाहीं. तथापि ती जमीन ठोकळ्यांखालीं कायमची झांकून टाकण्यापूर्वीं आमचें म्हणणें एकवार ऐकून घ्यावें, अशी नम्र विनंती आहे. त्या जागेवर आपल्याच भूमींतल्या झाडांची, झुडपांची व वेलींची बाग व्हावी, ती मुलांनीं लावावी, आणि तिचा खर्च धर्मग्रामानें उचलावा, हें तें म्हणणें होय.

प्रथम आमचा अपराध सांगतों. आपणांपैकीं जे चाळिशीच्या पुढें आहेत त्यांना शाळेच्या विहिरीजवळचें उंडीचें झाड आठवत असेल. गर्द हिरवीं तुकतुकीत पानें, पांढरीं सुवासिक फुलें, आणि गोट्यांसारखीं वाटोळीं फळें. त्या फळांनीं आपण खेळलों. पूर्वीं कोंकणकिनाऱ्यावर उंडीच्या बियांचें तेल दिव्यांत जळत असे, आणि तिचें लांकूड होड्यांच्या कामीं येत असे. शाळेची नवी इमारत बांधतांना तें झाड आड आलें. इमारत सहा हात सरकविली असती तर झाड वांचलें असतें. परंतु तसें कोणीं सुचविलें नाहीं. तें तोडण्याच्या ठरावावर ज्यांच्या सह्या आहेत, त्यांत आमचीही सही आहे. एक झाड गेलें, एवढेंच त्या वेळीं आम्हांस वाटलें. काय गेलें, तें पुढें कळलें.

या शाळेंत आम्हीं तीस वर्षें शिकविलें. शेवटच्या वर्षीं चौथीच्या मुलांना आम्हीं अशोकाचें पान आणावयास सांगितलें. चाळीस मुलांनीं चाळीस पानें आणलीं, आणि तीं सारीं शाळेच्या फाटकाजवळील उंच, सरळसोट झाडांचीं होतीं. तीं झाडें आसुपालवाचीं. तो अशोक नव्हे. खरा अशोक, ज्यास आपण सीताअशोक म्हणतों, तो दाट सावलीचा, जून्या फांद्यांवर नारिंगी-तांबड्या फुलांचे घोस धरणारा वृक्ष आहे. तो एकाही मुलानें पाहिलेला नव्हता. मुलांस दोष देण्यापूर्वीं आम्ही स्वतः गांवभर हिंडलों. देवळाच्या आवारांत, वाड्यांत, तळ्याकांठीं शोध केला. एकही झाड सांपडलें नाहीं. आज सीताअशोकाची गणना जगांतील संकटांत सांपडलेल्या वृक्षांत होते.

उंबरगांव, जांभूळपाडा, फणसवाडी हीं नांवें झाडांवरून पडलीं. नांव तोंडांत राहिलें आणि वस्तु डोळ्यांआड झाली, म्हणजे भाषा आंतून पोकळ होते. क्वचित् भेटणाऱ्या स्नेह्यास आपण ‘उंबराचें फूल’ म्हणतों. तसें कां म्हणतात हें मुलांना फळ्यावर लिहून शिकविण्यापेक्षां, एक कोंवळें उंबर चिरून त्यांच्या हातीं द्यावें. फुलें त्या फळाच्या पोटांतच असतात, म्हणून तीं कोणास दिसत नाहींत. एक अगदीं चिमुकली माशी बारीक छिद्रांतून आंत शिरते आणि परागांचें काम करिते. उंबर, वड, पिंपळ या एकाच कुळांतील झाडें. पण बहुधा प्रत्येकाची माशी निराळी. त्या माशीवांचून त्या झाडास बीं नाहीं, आणि त्या झाडावांचून त्या माशीस घर नाहीं. हा धडा ज्या शाळेच्या आवारांत शिकवितां येतो, ती शाळा श्रीमंत होय.

आतां कोणी विचारतील, झाड तें झाड. देशी झाडांचाच आग्रह कशासाठीं? गुलमोहर काय वाईट आहे? आम्ही गुलमोहराचे वैरी नाहीं. तो मादागास्कर बेटांतून आला, आणि वैशाखांत त्याची शोभा पाहण्यासारखी असते. आपल्या कालवणांतली मिरची, वाडींतला पेरू, पपई आणि काजू हीं सारीं अमेरिका खंडांतून आलेलीं आहेत. देवळापुढील पांढरा चाफाही तिकडचाच. पाहुण्यास घरांतून हांकलून द्यावें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु पाहुण्यांची सरबराई करितां करितां घरच्या माणसांस बसावयास जागा उरूं नये, हें योग्य नव्हे. रस्त्याच्या कडेस पर्जन्यवृक्ष, माळावर गिरिपुष्प व सुबाभूळ, समुद्राकांठीं सुरू, आणि शाळेंत पाम, असें झालें तर करंज, भेंड, ताम्हण आणि बकुळ यांनीं जावें कोठें?

आणि झाडांबरोबर त्यांचीं पोषितेंही जातात. फुलपांखरू मध कोणत्याही फुलाचा चाखील, पण अंडीं घालावयास त्यास ठराविक झाडच लागतें, कारण त्याची अळी तेवढेंच पान खाते. नारिंगी पंखांचें आणि काळ्यापांढऱ्या टोकांचें जें फुलपांखरू आपण नेहमीं पाहतों, त्याची अळी रुईच्या व तिच्या कुळांतील झाडांच्या पानांवर वाढते. रुईचा विषारी चीक तिच्या अंगांत मुरतो, म्हणून पक्षी तिच्या वाटेस जात नाहींत. महाराष्ट्र शासनानें २०१५ सालीं ब्ल्यू मॉर्मॉन या मोठ्या निळ्या-काळ्या फुलपांखरास राज्याचें फुलपांखरू ठरविलें. त्याच्या अळीस लिंबाच्या कुळांतील झाडें लागतात. ताम्हण हें राज्याचें फूल आहे. मुलें परीक्षेंत या दोहोंचीं नांवें बिनचूक लिहितात आणि गुण मिळवितात. शाळेच्या खिडकींतून तीं दिसावीं, अशी व्यवस्था मात्र आपण केलेली नाहीं.

हा विषय आपल्या परंपरेस नवा आहे असें कोणीं समजूं नये. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत फादर एथेलबर्ट ब्लाटर हे स्विस जेझुइट धर्मगुरु होऊन गेले. त्यांनीं या देशांतील वनस्पति गोळा करून अभ्यासिल्या. तेथील वनस्पतिसंग्रह आजही त्यांच्या नांवानें ओळखला जातो. वॉल्टर मिलार्ड यांजबरोबर त्यांनीं हिंदी वृक्षांवर लिहिलेलें सचित्र पुस्तक, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनीं, १९३७ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांच्या मागून आलेले फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनीं खंडाळ्याच्या डोंगरांतील वनस्पतींवर ग्रंथ लिहिला. तो १९५३ सालीं निघाला. पुढें ते भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झाले, आणि १९६७ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. परक्या देशांत जन्मलेल्या या धर्मगुरूंनीं आपल्या कुड्याचीं आणि करवंदीचीं पानें जपून ठेविलीं. आपण येथें जन्मून तीं ओळखूं नयेत, ही लाजेची गोष्ट आहे.

आणखी एक उदाहरण आपल्या जिल्ह्यांतलेंच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें, व पुढें कोसबाडच्या टेंकडीवर, आदिवासी मुलांच्या शिक्षणाचें काम आरंभिलें. मुलें गुरें राखावयास जातात म्हणून शाळेंत येत नाहींत, तर शाळाच कुरणांत न्यावी, असें त्यांनीं ठरविलें. विकतचीं साधनें परवडत नव्हतीं. तेव्हां पानें, बिया, शेंगा आणि गारगोट्या हींच साधनें झालीं. पैसा थोडा असला म्हणून शिक्षण अडत नाहीं, असा धडा या दोघींनीं घालून दिला.

आतां मुख्य मुद्यावर येतों. बाग लावण्याचा प्रयत्न आपण पूर्वीं केला नाहीं असें नाहीं. एका वर्षीं जूनमध्यें मोठ्या उत्साहानें शंभर रोपें लाविलीं. पाहुणे आले, फोटो निघाले, मुलांना पेढे वांटले. पुढील जूनमध्यें आम्हीं मोजलीं तों अकरा उरलीं होतीं. कोणीं गुरांस दोष दिला, कोणीं मातीस. खरें कारण निराळें होतें. झाडास पाण्याची अत्यंत निकड ज्या दिवसांत असते, नेमके त्याच दिवसांत शाळेस कुलूप असतें. मार्चमध्यें परीक्षा, मग निकाल, मग जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी. मुलें मामाच्या गांवीं, शिक्षक आपापल्या घरीं, आणि रोपें मे महिन्याच्या उन्हांत! जी बाग मे महिन्याचा विचार करून आंखलेली नाहीं, ती शाळेची बाग नव्हे. तो जूनचा समारंभ होय.

म्हणून आमची योजना मे महिन्यापासून सुरू होते. दोन गुंठ्यांत साठ झाडें व झुडपें लावावीं, अधिक नकोत. कुंपणाच्या बाजूस पांच मोठीं: उंडी, ताम्हण, बकुळ, करंज, जांभूळ. त्यांच्या आंत दहा मध्यम: सीताअशोक, बहावा, पांगारा, कोकम आणि आंवळा, प्रत्येकीं दोन. बाकीचीं पंचेचाळीस झुडपें: कुडा, निर्गुडी, अडुळसा, करवंद, कढीलिंब, आणि एका कोंपऱ्यांत, लहान मुलांच्या हातापासून दूर, चार रुई, कारण तिचा चीक डोळ्यांस अपायकारक असतो. उंबर भिंतीजवळ लावूं नये, त्याच्या मुळ्या बांधकामांत शिरतात. त्याची जागा तळ्याकांठीं आहे. मधून एक अरुंद फरसबंद पायवाट ठेवावी, म्हणजे चिखलाची तक्रार मिटेल. ठोकळे वापरावयाचेच असतील, तर ते तेथें वापरावे.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. पंधरा झाडांस आठवड्यांतून दोनदां वीस-वीस लिटर, आणि पंचेचाळीस झुडपांस दोनदां पांच-पांच लिटर, म्हणजे आठवड्यास एक हजार पन्नास लिटर झालें; दहा लिटरच्या सुमारें शंभर बालद्या. सुट्टीचे सात आठवडे धरिले तर सातशें बालद्या. आपल्या धर्मग्रामांत पांच आळ्या आहेत. प्रत्येक आळीनें आठवड्यास वीस बालद्या पाणी घातलें तर मे महिना पार पडतो. ज्या आळ्या सणाच्या मिरवणुकीची तयारी महिनाभर करितात, त्यांस वीस बालद्या जड नाहींत. शिवाय देवळाच्या आवारांतील पाला जाळण्याऐवजीं झाडांच्या बुडाशीं पसरावा; ओल टिकते आणि पाणी कमी लागतें. पावसाच्या आरंभींच लाविलेल्या देशी झाडाचीं मुळें चार महिन्यांत चांगलीं धरतात. असे तीन उन्हाळे काढले, म्हणजे बहुतेक झाडें आपल्या पायांवर उभीं राहतात.

रोपें विकत घेण्याचें कारण नाहीं. जांभळाचें बीं फार दिवस टिकत नाहीं. फळ खाल्लें कीं चार दिवसांत पेरावें. बहाव्याच्या बियांचें कवच कठीण असतें. तें दगडावर घांसून, रात्रभर पाण्यांत भिजवून मग पेरावें. उंडीचें कवच हलकेंच फोडून आंतला गर पेरिला तर तो लौकर रुजतो. करंजाचें बीं फारसें लाड मागत नाहीं. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांस खालीं भोंकें पाडलीं कीं रोपवाटिका तयार झाली. मुलांनीं बीं गोळा करावें, वहींत तारीख लिहावी, कोंब कधीं आला तें नोंदवावें. यांत गणितही आहे, शास्त्रही आहे, आणि धीर धरण्याचें शिक्षणही आहे. जास्तीचीं रोपें दर जूनमध्यें मिस्सानंतर देवळाच्या फाटकाशीं विकावीं. तो पैसा बागेचा.

द्रव्याविषयीं आमचा एकच नियम आहे, आणि तो आपण लक्षांत ठेवावा अशी विनंती आहे. रुपयांतील चार आणे लावण्यास, बारा आणे राखण्यास. लावण्याच्या दिवसासाठीं देणगी देणारे पुष्कळ मिळतात, कारण त्या दिवशीं सर्व पाहत असतात. तिसऱ्या वर्षींच्या एप्रिलांतल्या बालदीसाठीं देणारा मिळत नाहीं. म्हणून महोत्सव-निधींतून जी रक्कम द्याल, तिचा चतुर्थांश खड्डे, माती, कुंपण व पायवाट यांवर खर्च व्हावा. उरलेला भाग शाळेच्या नांवें निराळ्या खात्यांत ठेवून तीन वर्षें पाणी, खत आणि अर्धवेळ माळी यांकरितांच वापरावा. त्याचा जमाखर्च दर वर्षीं देवळाच्या फलकावर लावावा, म्हणजे शंकेस जागा राहणार नाहीं.

२०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणें ठराविक मर्यादेवरील मोठ्या कंपन्यांस आपल्या सरासरी नफ्याचा शेंकडा दोन भाग लोकोपयोगी कामांवर खर्च करावा लागतो, आणि पर्यावरणाचें रक्षण त्या कामांत मोडतें. अशा कंपनीकडे अवश्य जावें. पण मदत तीन हप्त्यांनीं, दर वर्षीं जगलेलीं झाडें मोजून द्यावी, असें आपणच सांगावें. आणि देणगीदाराची पाटी झाडाहून मोठी नसावी! कुटुंबांनीं आपल्या मृतांच्या स्मरणार्थ, बाप्तिस्म्याच्या किंवा प्रथम कम्युनियनच्या आनंदाप्रीत्यर्थ एकेका झाडाचा तीन वर्षांचा भार उचलावा. त्यांचें नांव शाळेच्या वहींत लिहूं. खोडास खिळा ठोकणार नाहीं.

झाडी वाढली कीं साप येतील, डांस होतील, अशी भीति कित्येक माता बोलून दाखवितात. डांस सांचलेल्या पाण्यांत होतात. कुंड्यांखालच्या ताटल्यांत ते अधिक होतील. सापाची भीति अगदींच निराधार म्हणतां येणार नाहीं. म्हणून पायवाट स्वच्छ ठेवावी, दगडविटांचे ढीग नसावे, आणि संध्याकाळीं मुलांस तेथें सोडूं नये. एवढी काळजी आपण आपल्या वाड्यांत घेतोंच.

संत लूकच्या शुभवर्तमानांतील अंजिराच्या झाडाचा दाखला आपण सर्वांनीं ऐकला आहे. मळ्याचा धनी तीन वर्षें फळ शोधीत आला, तें मिळेना, तेव्हां झाड तोडून टाक म्हणाला. माळ्यानें आणखी एक वर्ष मागून घेतलें. आपण त्याच्या भोंवतीं खणूं, खत घालूं, आणि मग पाहूं, असें तो म्हणाला. पुढें त्या झाडास फळ आलें कीं नाहीं, हें त्या दाखल्यांत सांगितलेलें नाहीं. माळ्यानें खणण्याचें कबूल केलें, एवढेंच सांगितलें आहे. आम्हांसही आपल्यापाशीं तेवढेंच मागावयाचें आहे.

शेवटीं एक लहानशी बातमी सांगून पुरें करितों. गेल्या पावसाळ्यांत शाळेच्या मागील भिंतीशीं, नळाच्या गळतीच्या ओलाव्यावर, एक रोप उगवलेलें एका मुलीनें आम्हांस दाखविलें. पानें तुकतुकीत, शिरा बारीक व समांतर. तें उंडीचें निघालें. वटवाघळें उंडीचीं फळें नेतात आणि बीं टाकून देतात. म्हणजे या गांवांत कोठें तरी एक उंडी अद्याप उभी आहे, आणि ती कोठें आहे हें आपणां कोणासच ठाऊक नाहीं. तें रोप आज हातभर उंच आहे. ठोकळे बसवावयाची जी आंखणी झाली आहे, तिच्या आंत तें येतें.

मागें एकदां आम्हीं न विचार करितां सही केली. आतां ठराव पुन्हां आपल्यापुढें आहे. आपण सर्व मिळून विचार करावा, आणि मग सही करावी, एवढें बोलून आम्ही आपली रजा घेतों.